बारा मिलिमीटरची कमान

“नख फिरव,” अण्णा म्हणाले. “डोळ्याला न्हाई दिसत. नख फिरव, म्हंजे कळंल.”

दस्तगीरचाचांनी नख फिरवलं नाही. गेल्या तीन दिवसांत त्यांनी ते त्या ब्लॉकवर शंभरदा तरी फिरवलं असेल. ब्लॉक मशीनशेजारच्या टेबलावर पडला होता, चकचकीत, देखणा आणि वाया गेलेला. त्याच्या आतल्या भिंतीवर एका कोपऱ्यात केसाएवढी एक उभी रेघ होती. नख तिथे आलं की किंचित अडायचं, एवढंच. पण त्या एवढ्यावर आमच्या वर्कशॉपचं सगळं अडलं होतं.

“आज दुसरा ब्लॉक हाय,” अण्णा म्हणाले. “तिसरा मिळणार न्हाई, कंपनीनं सांगितलंय. आज जर ही रेघ आली न्हवं दस्तगीर, तर सोमवारपासनं तू मागं बँडसॉवर. मशीनवर इचलकरंजीचा पोरगा येतोय. त्याला शब्द दिलाय मी.”

“बरं,” चाचा म्हणाले.

बावीस वर्षं त्या शॉपमध्ये काढलेला माणूस. लेथवर उभे राहिले तेव्हा मिशी काळी होती. आठ वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं सीएनसी मशीन आलं, तेव्हा इंग्रजीतली बटणं त्यांनी रंगांवरून पाठ केली आणि महिनाभरात ते मशीन आपलंसं करून टाकलं. खंडेनवमीला मशीनला पहिला हार घालायचा मान त्यांचाच. आणि आता त्यांना मागच्या बाजूला लोखंडी सळया कापायला पाठवायचं चाललं होतं. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि फडक्यानं मशीनची काच पुसू लागले. ती काच आधीच स्वच्छ होती.

मी हे सगळं माझ्या काचेच्या केबिनच्या दारात उभी राहून ऐकत होते. गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली. मी चोवीस वर्षांची होते. डिप्लोमा करून अण्णा शिंत्र्यांकडे लागलेली, त्यांच्याकडची एकुलती एक प्रोग्रॅमर. ‘मगदुमांची सुनीती कॉम्प्युटरवर लोखंड कापते’ असं आमच्या गल्लीत माझी आई सांगायची. ते ऐकायला मला फार आवडायचं.

काम तसं सांगायला सोपं आहे. एका कंपनीला मसाल्याच्या डब्याचं पारदर्शक झाकण करायचं होतं. त्याच्या साच्यासाठी कडक पोलादाच्या ब्लॉकमध्ये एक उथळ चौकोनी खळगा कोरायचा, आणि खळग्याच्या मधोमध एक चौकोनी उंचवटा तसाच ठेवायचा. खळग्याची भिंत आणि उंचवटा यांच्यामध्ये दीड बोटाची गल्ली राहते. भिंत आरशासारखी हवी, कारण साच्यावर जे असेल ते प्रत्येक झाकणावर उमटतं. कंपनीचे पोतनीस साहेब मंगळवारी पुण्याहून आले होते. त्यांनी भिंग लावून ती रेघ पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “लाख झाकणांवर लाख रेघा, अण्णासाहेब. तुम्हीच सांगा, कोण घेईल?” असे नऊ साचे ते आम्हाला देणार होते. त्यातला हा पहिलाच.

आता माझं काम. टूलनं, म्हणजे मशीनच्या फिरत्या पात्यानं, कुठे कापायचं ते चित्रच सांगतं, त्यात फारसं डोकं लागत नाही. डोकं लागतं ते टूल धातूत शिरणार कुठून आणि बाहेर निघणार कुठून हे ठरवायला. टूल सरळ जाऊन भिंतीला भिडलं, की भिडल्या जागी ओरखडा येणार. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीबरोबर चार पावलं पळतो ना, तसं टूलला एक लहानशी कमान काढत, भिंतीच्या दिशेनं वळवत अलगद खेटवायचं. निघतानाही तशीच कमान काढून अलगद सोडवायचं. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या दोन चौकटी असतात, एक शिरण्याची आणि एक निघण्याची. त्यात आकडे भरायचे. झालं.

अण्णा गेले तशी मी चाचांजवळ गेले.

“चाचा, आज मी शिरायची जागा बदललीय. कोपऱ्यातनं नाही शिरायचं, लांब भिंतीच्या मधनं शिरायचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “का गं?”

“खबरदारी म्हणून.”

“त्ये कोपऱ्यात शिरताना टक् म्हनत हुतं,” चाचा म्हणाले. “मंगळवारी. बारीक, पर मला ऐकू आलं. अण्णास्नी सांगितलं तर म्हनले, तुझं कान वाजत्यात. मग मलाबी वाटाय लागलं, माझंच काय तरी चुकलं असंल. टूल नीट आवळलं नसंल. दोन दिस सांजच्याला स्पिंडल खोलून बघितलं, काय सापडंना.” त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. “हात म्हातारा झाला म्हनायचा.”

“तसं काही नाही हो चाचा.”

“आगं, हुतंय तसं,” ते म्हणाले आणि पुन्हा काच पुसायला लागले.

मी केबिनमध्ये येऊन बसले आणि उगाच माउस हलवत राहिले.

पोतनीस साहेब अकराला आले. सडसडीत, मृदू बोलणारे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. अण्णांनी चहा सांगितला, तर म्हणाले, “आधी भिंत, मग चहा.” ब्लॉकचं बाकीचं सगळं काम आदल्या दिवशीच उरकलं होतं. उंचवटा तयार होता, तळ तयार होता. उरला होता तो भिंतीवरून टूलचा शेवटचा फेरा. चार मिनिटांचा एकच फेरा, सगळ्या भिंतीभोवती. पहिला ब्लॉक याच फेऱ्यात गेला होता.

चाचांनी मशीनचं दार ओढून घेतलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि हिरवं बटण दाबलं.

टूल फिरायला लागलं. टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पांढरा फवारा काचेवर आदळला आणि आतलं दिसेनासं झालं. मशीनच्या पडद्यावर आकडे पळू लागले. टूल खाली उतरलं, वळलं, भिंतीला लागलं... आणि टक् झालंच नाही. एक लांब, एकसारखा सूर सुरू झाला, तंबोऱ्याची तार छेडावी तसा. चाचांनी मान वाकडी करून तो ऐकला. मग माझ्याकडे वळून त्यांनी अंगठा वर केला. तीन दिवसांत पहिल्यांदा ते हसले होते. मला तर तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटत होती!

“उत्तम,” पोतनीस म्हणाले. “आवाज वेगळा आहे खरा. तुम्ही काय बदललंत ते दाखवा की जरा.”

मी त्यांना ऐटीत केबिनमध्ये नेलं. काचेतून मशीन दिसत होतं, चाचा दिसत होते, अण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते. मी पडद्यावर सगळं समजावून सांगितलं. ही गल्ली, ही भिंत, हे टूल. पूर्वी शिरायची कमान बारा मिलिमीटरची होती, ती आता सहाची केली, कारण समोरच उंचवटा आहे. बघा, कसं अलगद येतंय. पोतनीस मान डोलवत होते. मी हुशारीत पुढे चालले होते.

“आणि बाहेर कुठून पडतं?” त्यांनी विचारलं.

“तिथूनच. थोडं पुढं जाऊन, म्हणजे सुरुवातीची जागा दोनदा पुसली जाते,” मी म्हणाले आणि फेऱ्याचं शेवटचं टोक पडद्यावर चालवून दाखवलं. टूलचं गोल वर्तुळ भिंतीवरून सुटलं, कमान काढत निघालं आणि सरळ उंचवट्याच्या आत शिरलं.

मी ते पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

निघण्याच्या चौकटीत बारा तसाच होता. शिरण्याचा आकडा मी जपून, विचार करून बदलला होता. ‘निघणंही शिरण्यासारखंच’ अशी बाजूला एक बारीक खूण असते, ती करायची राहिली होती. आणि सॉफ्टवेअरला उंचवट्याची काही फिकीर नव्हती. मी त्याला फक्त भिंतीची रेघ निवडून दिली होती. मधे काय उभं आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं. गल्लीत टूलला सरकायला मोकळी जागा दहा मिलिमीटर, आणि कमान बाराची.

पोतनीसांच्या लक्षात आलं नव्हतं. ते काचेतून मशीनकडे बघत होते.

खरं सांगते. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. टूल तुटलं असतं, उंचवट्याचा टवका उडाला असता, आणि अण्णांनी चाचांकडे बोट दाखवलं असतं. सगळ्यांनी मान्य केलं असतं. बहुतेक चाचांनीसुद्धा. हे सगळं मला त्या घटकेला लख्ख दिसलं, आणि दिसलं याची मला आजही लाज वाटते.

मग मी पळाले. केबिनच्या दाराला खांदा आपटला, फरशीवरच्या तेलावरून पाय घसरला, कशीबशी सावरले.

“चाचा! बाहेर पडताना धडकणार! उंचवट्यावर धडकणार!”

अण्णांनी क्षणाचाही विचार केला नाही. त्यांचा हात थेट लाल बटणाकडे गेला. आणि दस्तगीरचाचांनी, बावीस वर्षांत ज्यांनी मालकापुढे आवाज चढवला नव्हता, त्यांनी अण्णांचं मनगट हवेतल्या हवेत धरलं.

“दाबू नगासा! भितीला खेटून थांबलं तर तितंच डाग पडनार!”

“अरे, मग ठोकू द्यायचं काय?”

“थांबा हो!” चाचा माझ्याकडे वळले. “किती टाइम हाय?”

मी मशीनच्या पडद्यावर पाहिलं. टूल तिसऱ्या भिंतीवर होतं. “दीड मिनिट. जेमतेम.”

“धडकनार कुठं?”

“भिंत सोडली की कमान काढून सरळ उंचवट्यात. भिंत सुटल्यापासून धडक बसेपर्यंत एक सेकंद.”

“एकच?” चाचांचे डोळे मोठे झाले. “येवढ्या जोरात का निघालंय?”

“निघतानाचा वेग मी दसपट ठेवलाय. वेळ वाचवायला.”

“लई वाचवलास!” अण्णा ओरडले. “वेग कमी कर रं दस्तगीर, हातानं कमी कर!”

“भितीवर असताना वेग हलवला तर पट्टा उमटंल की ओ अण्णा!” चाचा म्हणाले. त्यांचं डोकं आता झरझर चालत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. “म्हंजे भित सुटायच्या आदी थांबायचं न्हाई. सुटली की लगोलग थांबायचं. येका सेकंदाच्या आत. व्हय?”

“हो. पण दिसत काहीच नाही,” मी म्हणाले. काचेवर नुसता पांढरा लोंढा कोसळत होता. “आणि आकडे बघून दाबायला गेलात तर उशीर होईल.”

“आकडं कोन बघतंय!” चाचा गर्रकन मागे वळले आणि असे ओरडले, की शेवटच्या लेथवरचा माणूसही दचकला. “कंप्रेसर बंद करा! समदी मशिनं बंद! कुनी खोकूबी नगा!”

पुढचं अजून डोळ्यांपुढे आहे. ज्या शॉपमध्ये सकाळी आठपासून आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नसे, ते एकेक करत गप्प होत गेलं. लेथ थांबले. ग्राइंडर घरघरत विझला. कंप्रेसर मागच्या भिंतीपाशी होता, तिकडे अण्णा स्वतः पळाले. पासष्टीचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून! पोतनीस साहेबांनी वर पाहिलं आणि कुणी न सांगता पंख्याचं बटण बंद केलं.

आता फक्त आमचं मशीन बोलत होतं. कूलंटचा सळसळाट आणि त्याच्याखाली तो एकसारखा सूर.

चाचांनी उजवा अंगठा फीड होल्डच्या बटणावर ठेवला. हे बटण दाबलं, की टूल फिरत राहतं, पण पुढे सरकायचं थांबतं. डावा तळहात त्यांनी दाराच्या पत्र्यावर टेकवला आणि त्याच्याशेजारी कान लावला. डोळे मिटले.

“शेवटची भिंत,” मी पडद्यावर बघत हळूच म्हणाले. “चाळीस राहिलेत... तीस...”

“गप, पोरी.”

आकडा उतरत होता. वीस. पंधरा. अण्णा परत येऊन धापा टाकत उभे राहिले आणि धापेचाही आवाज नको म्हणून त्यांनी तोंडावर सोगा धरला. दहा. सूर तसाच, सपाट, कुठेही न तुटणारा. पाच. टूल सुरुवातीच्या जागेवरून दुसऱ्यांदा गेलं. दोन. एक.

मला काहीही वेगळं ऐकू आलं नाही. शपथेवर सांगते, काहीही नाही.

चाचांचा अंगठा खाली गेला होता.

आकडे थिजले. टूल आत फिरतच होतं, पाणी पडतच होतं. कुणी हललं नाही.

“तुटलं?” अण्णांनी विचारलं.

चाचांनी डोळे उघडले. पाणी बंद केलं, टूलचं फिरणं थांबवलं आणि दार सरकवलं. आम्ही तिघंही एकदम आत वाकलो, डोक्याला डोकं आपटलं. टूल गल्लीत उभं होतं. एका बाजूला भिंत, तिच्यापासून सुटलेलं. दुसऱ्या बाजूला उंचवटा, आणि त्या दोघांमध्ये एक बारीक फट. अण्णांनी खिशातून कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड काढून फटीत घालून पाहिलं. कार्ड गेलं. दोन घालून पाहिली, अडकली.

“आयला!” अण्णा म्हणाले. मालकाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

चाचांनी टूल हातानं वर उचललं, ब्लॉक सोडवला, पुसला आणि पोतनीसांसमोर ठेवला. पोतनीसांनी भिंग लावलं. नख लावलं. एकदा फेरा केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा डोळे मिटून केला.

“सुरुवात कुठून केलीत?” त्यांनी मला विचारलं.

“तुम्हीच सांगा, साहेब.”

त्यांनी पुन्हा नख फिरवलं. मग ब्लॉक खाली ठेवून हसले. “नाही सापडत. बाकीचे आठ तुमचे.”

त्यानंतर जो गलका उठला तो विचारू नका. मघाशी बंद झालेल्या प्रत्येक मशीनचा माणूस तिथे गोळा झाला होता. कुणी चाचांची पाठ थोपटत होतं, कुणी त्यांचा कान ओढून ‘दावा तरी, कंचा कान ह्यो!’ म्हणत होतं. अण्णांनी त्यांना मिठीच मारली. कूलंटनं भिजलेल्या माणसाला, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानं! वडे सांगितले गेले, पोतनीसांचा राहिलेला चहा आला. मीही हसत होते, टाळ्या वाजवत होते. खूप, खूप आनंद झाला होता मला.

“एक विचारू?” चहा पिता पिता पोतनीस म्हणाले. “मंगळवारची रेघ मग कशामुळे आली होती? आमच्या रिपोर्टमध्ये लिहावं लागतं.”

“ते होय,” अण्णा आज दिलदार झाले होते. “ते ऑपरेटरकडनं झालं. चुकतो माणूस. पण आज भरून काढलं त्यानं. बँडसॉ कॅन्सल! लिहा, ऑपरेटरची चूक, सुधारली.”

पोतनीसांनी चाचांकडे पाहिलं. चाचा हसत होते. आज त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. “व्हय साहेब,” ते म्हणाले. “हातच चुकला असंल माझा. लिवा.”

पोतनीसांनी पेन मागितलं. अण्णांनी दिलं.

“नाही,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“हात नव्हता चुकला. प्रोग्रॅम चुकला होता, माझा. कोपऱ्यात बारा मिलिमीटरची कमान मावत नव्हती. मावली नाही की सॉफ्टवेअर कमान टाकून देतं आणि टूलला सरळ भिंतीवर घालतं. तसं करताना ते एक पिवळी खूण दाखवतं. पण प्रत्येक कामात त्या खुणा येतात, कंटाळा येतो, म्हणून मी त्या बंद करून ठेवल्या होत्या. चौकटीत कमान लिहिलेली होती, म्हणून मी समजत होते की कमान आहे.” मी चाचांकडे पाहिलं. “चाचांना टक् ऐकू आलं, ते खरंच होतं.”

वड्यांचा पुडा उघडायला घेतलेला माणूस तसाच थांबला.

“कवा कळलं तुला?” चाचांनी विचारलं.

मला म्हणता आलं असतं, आत्ता. मघाशी, पडद्यावर बघताना. कुणीही विश्वास ठेवला असता.

“काल दुपारी. साडेतीनला.”

“काल दुपारी,” चाचा म्हणाले.

त्यांनी फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसलं. सावकाश, दोन्ही हातांचं. मग फडकं मशीनवर ठेवलं, दाराशी जाऊन बूट काढून चपला घातल्या आणि उन्हात निघून गेले. दुपारी ते परत आले नाहीत. बावीस वर्षांतला त्यांचा तो पहिला अर्धा दिवस.

अण्णा स्टुलावर बसले होते. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “मी त्याला सळया कापायला धाडत होतो,” ते एवढंच म्हणाले, ते पण माझ्याकडे न बघता. मग म्हणाले, “घरला जा आज. सोमवारी ये. येशील न्हवं?”

शनिवार-रविवार कसे गेले ते सांगत नाही. आईनं दोनदा विचारलं, बरं नाही का. रविवारी मी ठरवलं की नोकरी सोडायची, आणि लगेच ठरवलं की न सांगता सोडायची नाही. सोमवारी पावणेआठलाच पोचले.

चाचा माझ्याही आधी आलेले होते. मशीनच्या टेबलावर त्यांनी दुसऱ्या साच्याचा ब्लॉक चढवून, चारी बाजूंनी क्लॅम्प आवळून ठेवला होता. मी केबिनमध्ये जाऊन प्रोग्रॅम केला. पिवळ्या खुणा सगळ्या चालू केल्या. शिरायची कमान सहा, निघायची सहा. उंचवटा निवडून दिला. तीनदा पाहिलं, चौथ्यांदा पाहिलं. मग पेनड्राइव्ह घेऊन मशीनपाशी गेले.

“चाचा, प्रोग्रॅम.”

“ठेवा तितं, मॅडम.”

ते मला पोरी म्हणायचे. मॅडम ते पोतनीसांच्या ऑफिसातल्या बाईंना म्हणायचे. मी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि वळले.

“थांबा,” चाचा म्हणाले. “असं न्हाई चालायचं. आदी दावा मला.”

“काय?”

“काय घातलंय त्ये. शिरायचं कुठनं, निघायचं कुठनं. बघितल्याबिगर मी बटान दाबायचो न्हाई. आज न्हाई, उद्याबी न्हाई.”

आठ वर्षांत चाचा त्या केबिनमध्ये एकदाही आले नव्हते. बुटाला तेल असतं म्हणायचे. त्यांनी दारात बूट काढले, एक स्टूल ओढलं आणि पडद्याच्या इतक्या जवळ बसले, की मला माउस हलवायला जागा राहिली नाही. मी एकेक दाखवायला सुरुवात केली.

“हितनं शिरतंय?”

“हो. ही कमान.”

“किती?”

“सहा.”

“आनि निघताना?”

“सहाच.”

“परत चालवा.”

परत चालवलं. तीनदा. प्रत्येक वेळी ते त्या वर्तुळाबरोबर मान वळवत होते, ओठ घट्ट मिटून. माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, आता रोज हे असंच असणार. मॅडम, दावा, परत चालवा. ठीक आहे, मी मनात म्हटलं, हे मी कमावलंय.

“वर उचलल्यावर कुठं जातंय?” त्यांनी विचारलं.

“वर उचललं की आडवं, घरी परत, आपल्या मूळ जागी. हे असं.” मी ती रेघ दाखवली.

चाचा पुढे वाकले. आणखी वाकले. मग त्यांचं तेलकट बोट पडद्यावर असं आदळलं, की पडदा मागे सरकला.

“अगं ए बये! हितं माझा क्लॅम्प हाय!”

क्लॅम्प मी चित्रात काढलेच नव्हते. कधीच काढत नसे. चित्रात ब्लॉक हवेतच असायचा.

“येवढा उंच!” त्यांनी हातानं उंची दाखवली. त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. “आनि तुजं टूल खालनं निघालंय घराकडं! थेट डोस्क्यात घातलं असतंस की त्याच्या! अण्णा! ओ अण्णा! हिकडं या! पोरीनं काय घातलंय बघा!”

अण्णा आले. लेथवरचे दोघे आले. चाचा उभं राहून सगळ्यांना पडद्यावर बोटं आपटत दाखवत होते, हा क्लॅम्प, हे टूल, ही अक्कल. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळे मला हसत होते. मीही हसत होते आणि नाक पुसत होते. माझी चूक सापडली म्हणून इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

“किती उचलू, चाचा?” मी विचारलं.

“पन्नास घाल. आनि इचारत जा गं.”

मी पन्नास घातले. सगळं पुन्हा एकदा चालवून दाखवलं. टूल शिरलं, फिरलं, निघालं, वर उचललं आणि क्लॅम्पवरून लांबून घरी गेलं. मी नवा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला. तो काढून मी त्यांच्यापुढे धरणार, तेवढ्यात चाचांनीच हात पुढे करून तो माझ्या हातातून घेतला.